विठाबाईंचा वारसा कोणाच्या नावावर?

रोहे तालुक्यातील खांब हे मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. शिमगा आणि गौरी-गणपती हे या पट्ट्यातील दोन मोठे सण. त्या दिवसांत जाखडीचे फेर धरले जातात आणि शक्तीवाले व तुरेवाले एकमेकांना पुराणांतील कूटप्रश्न घालून रात्र जागवतात. तमाशाच्या कनाती मात्र घाट उतरून इकडे फारशा आल्या नाहीत. असे असूनही रोहे, पेण, माणगाव या भागांतील जुन्या पिढीला तमाशा परका नव्हता. कारण त्या पिढीतील असंख्य माणसे मुंबईच्या कापडगिरण्यांत कामाला होती आणि लालबागचे हनुमान थिएटर त्यांच्या वस्तीतच होते. घाटावरचा गडी आणि कोकणातला चाकरमानी तेथे शेजारी शेजारी बसून ढोलकी ऐकत. ती शाहिरी कोकण्यालाही ओळखीची वाटे, यात नवल नाही. ज्या कलगी-तुऱ्याच्या कुळातून जाखडीची पदे आली, त्याच कुळातून तमाशाची भेदिक लावणी आली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या मोडल्या आणि हा प्रेक्षकही विखुरला. पुढे हनुमान थिएटरही बंद पडले.

त्या प्रेक्षकाने ज्या काळात तमाशा पाहिला, तो काळ विठाबाई नारायणगावकरांचा होता. जुलै १९३५ मध्ये पंढरपूर येथे जन्मलेल्या आणि १५ जानेवारी २००२ रोजी निवर्तलेल्या या कलावतीला महाराष्ट्राने तमाशासम्राज्ञी म्हटले. १९५७ आणि १९९० अशा दोन वेळा राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. आणि याच सम्राज्ञीच्या अखेरच्या आजारपणाचे रुग्णालयाचे देणे तिच्या मृत्यूनंतर देणगीदारांच्या वर्गणीतून भागवावे लागले. या दोन गोष्टी एका दमात सांगून हळहळण्याची महाराष्ट्राला आता सवय झाली आहे. स्मृतिदिनाच्या भाषणांत ही हळहळ ठरलेल्या ठिकाणी येते आणि ठरलेल्या ठिकाणी संपते. परंतु पन्नास वर्षे हजारो लोकांनी पैसे मोजून जिची कला पाहिली, तिच्या हाती अखेरीस काही का उरले नाही, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे आणि त्याचे उत्तर शोधता येण्याजोगे आहे.

विठाबाईंच्या घराण्याचा फड तीन पिढ्यांचा. आजोबा नारायण खुडे यांनी तो उभा केला आणि वडील भाऊ व चुलते बापू यांनी ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने तो गावोगाव नेला. फडाच्या नावातच जात लिहिलेली आहे, हे आजच्या वाचकाला खटकेल. त्या काळी मातंग आणि महार समाजांतील कलावंतांनी ढोलकी-फडाचा तमाशा वाढवला आणि कोल्हाटी समाजातील स्त्रियांनी संगीत बारी जोपासली. गावाला कला हवी होती आणि कलावंताची पायरीही गावाने ठरवून ठेवली होती. रात्री ज्या गळ्याला वाहवा मिळे, त्या गळ्याच्या माणसाला सकाळी गावच्या पाणवठ्यावर मज्जाव असे. शाळेचे शिक्षण विठाबाईंना फारसे लाभले नाही. गण, गवळण, लावणी, भेदिक, वग हे सारे त्यांनी फडातच ऐकून ऐकून आत्मसात केले. उस्तादासमोर बसून गंडा बांधण्याची ही परंपरा नव्हे; येथे मूल कनातीत निजते आणि झीलकऱ्यांचा ‘जी जी रं जी’ ऐकतच जागे होते.

या गाण्याचे स्वरूप ठाऊक असल्याखेरीज विठाबाईंची थोरवी कळणार नाही. मैफलीतील गायिकेसमोर निवडक श्रोते असतात. तमाशातील बाई गाते ती जत्रेच्या मोकळ्या माळावर, शेकडो किंवा हजारो माणसांपुढे. त्यांतले निम्मे दिवसभर चालून आलेले, काही झिंगलेले, काही केवळ शिट्ट्या मारण्यासाठी बसलेले. मागे ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज यांचा गजर चाललेला. त्यावर मात करील असा उंच पट्टीचा, खडा सूर लावावयाचा, त्याच वेळी पायांत ठेका राखावयाचा, आणि लावणी संपताच वगातील राणी होऊन पल्लेदार भाषण म्हणावयाचे. हातात छापील संहिता बहुधा नसते. कथानक ठरलेले, संवाद मात्र त्या रात्रीचे. गायन, नर्तन, अभिनय आणि हजरजबाबीपणा या चार कला एका देहात एकवटाव्या लागतात आणि हंगामात रात्रीमागून रात्र त्या पणाला लावाव्या लागतात. विठाबाईंनी हे आयुष्यभर केले. विशेष हे की, त्यांचे बालपण सरत असतानाच, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत, मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली होती. पुढे समिती नेमली गेली, ‘सुधारणे’च्या अटीवर परवानगी मिळाली, आणि दहा वर्षांच्या आत त्याच कलेतील एका तरुण स्त्रीचा राष्ट्रपतींकडून गौरव झाला. राज्यसंस्थेच्या या दोन टोकांच्या वागण्यात एक गोष्ट समान राहिली: दोन्ही वेळा कलावंताचे वेतन, कर्ज आणि आजारपण हा विषय कोणाच्याही कागदावर नव्हता.

विठाबाईंच्या आयुष्यातील एक प्रसंग महाराष्ट्रभर सांगितला जातो. नऊ महिने भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा त्या पडद्याआड गेल्या, तेथेच प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या. प्रेक्षकांना प्रकार समजला तेव्हा त्यांनीच आदराने खेळ थांबवून त्यांना विश्रांती घ्यावयास सांगितले, असे म्हणतात. व्याख्यानांतून हा प्रसंग कलानिष्ठेचा कळस म्हणून येतो आणि टाळ्या घेतो. त्या बाईच्या धैर्यापुढे कोणाचेही मस्तक नमेल, यात शंका नाही. तथापि टाळ्या थांबल्यावर एक साधा प्रश्न विचारावयास हवा. नऊ महिने भरलेली स्त्री त्या रात्री बोर्डावर का होती? फडाची प्रमुख नायिका नसेल तर गाव ठरलेली रक्कम देत नाही, रक्कम मिळाली नाही तर शेकडा माणसांचे जेवण अडते आणि सावकाराचा हप्ता चुकतो. कलानिष्ठेइतकीच ही गरजेची गोष्ट आहे. भारतात प्रसूती लाभ कायदा १९६१ साली झाला. १९७३ साली त्यात दुरुस्ती होऊन घोडेस्वारी, कसरती व ‘इतर प्रयोग’ सादर करणाऱ्या संस्थांनाही तो लागू झाला. म्हणजे सर्कशीप्रमाणे तमाशाच्या फडालाही त्या शब्दांत जागा होती. एखाद्या नर्तकीने त्याचा आधार घेऊन पगारी रजा मिळवल्याचे मात्र ऐकिवात नाही. आणि नोंदलेला मालक व नोंदलेला नोकर यांच्याच भाषेत बोलणारा कायदा उचलीवर चालणाऱ्या फडात शिरणार तरी कोठून?

फडाचा हिशेब असा असतो. हंगाम साधारणपणे दसऱ्याला सुरू होतो आणि चैत्र-वैशाखातील जत्रांबरोबर संपतो. पावसाचे चार महिने कमाई शून्य. या चार महिन्यांत कलावंताचे घर चालावे म्हणून फडमालक त्याला ‘उचल’ देतो. उचल देण्यासाठी तो स्वतः सावकाराकडून पैसे आणतो. ही उचल फेडण्यासाठी कलावंत पुढील हंगामात त्याच फडाशी बांधला जातो आणि मालक सावकाराशी. पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगाव हे या व्यवहाराचे प्रमुख केंद्र. पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या उभ्या राहतात, गावोगावचे जत्रा-पंच येऊन फड पारखतात आणि सुपारी ठरते. चांगल्या फडाची एका रात्रीची सुपारी आता लाखाच्या पुढे गेली आहे. आकडा मोठा वाटतो खरा. पण त्यात शंभराच्या घरात माणसे, मालमोटारी, डिझेल, विजेचे जनित्र, ध्वनिक्षेपक आणि रोजचा दोन वेळचा स्वयंपाक हे सारे भागवावयाचे असते. एक जत्रा अवकाळी पावसाने बुडाली की महिन्याचा मेळ बिघडतो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी साथीमुळे जत्राच भरल्या नाहीत आणि ऐन चैत्राचे दिवस कोरडे गेले. उचल मात्र आधीच वाटून झाली होती.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बाउमोल आणि बोवेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांची नावे परिचित असतील. प्रयोगकलांच्या अर्थकारणावरील त्यांचा ग्रंथ १९६६ सालचा. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: कारखान्यात यंत्र सुधारते तसे एका कामगाराचे उत्पादन वाढते आणि त्याबरोबर मजुरीही वाढते, पण चार वादकांची एखादी रचना वाजवावयास शंभर वर्षांपूर्वी जितकी माणसे आणि जितका वेळ लागे, तितकाच आजही लागतो. बाहेरची मजुरी वाढते म्हणून वादकालाही अधिक द्यावे लागते, उत्पादन मात्र तेवढेच राहते. परिणामी प्रयोगकलेचा खर्च सतत चढत जातो. वगाला हा सिद्धान्त तंतोतंत लागू पडतो. ढोलकीवाला दुप्पट वेगाने वाजवून दुप्पट वग करू शकत नाही. खर्च चढू लागला की मार्ग तीनच: तिकीट वाढवणे, बाहेरून मदत आणणे किंवा कला कापणे. तमाशाचा प्रेक्षक शेतकरी आणि मजूर असल्याने पहिला मार्ग लवकर संपला. दुसरा अपुरा पडला. म्हणून तिसरा आला: वग आखडला, गण-गवळण उरकली जाऊ लागली आणि रिकामी जागा सिनेमातील गाण्यांच्या नाचाने भरली. तमाशा बिघडला, अशी तक्रार करणारे सुशिक्षित टीकाकार याला अभिरुचीचा ऱ्हास म्हणतात. त्यांनी एकदा फडाची वही चाळून पाहावी.

आता प्रश्न उरतो तो वारशाच्या उत्पन्नाचा. लावणीचा बाजार आटला, असे कोणी म्हणू शकणार नाही, तो वाढलाच. ‘सांगत्ये ऐका’ हा चित्रपट १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. ‘पिंजरा’ १९७२ चा. कनात ज्या गावांत कधी गेली नाही, त्या कोकणातील गावांतही ध्वनिक्षेपकावरून लावणी पोचली ती चित्रपटांतून आणि ध्वनिमुद्रिकांतून. सुलोचना चव्हाण यांच्यासारख्या समर्थ गायिकेने पायांत चाळ न बांधता, डोक्यावरचा पदर ढळू न देता लावणी घराघरांत नेली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. त्यांच्या कर्तृत्वाला उणेपणा आणण्याचे कारण नाही. मुद्दा एवढाच की, माळावर घडलेली शैली ध्वनिमुद्रणगृहात गेली तेव्हा तिच्याबरोबर माळावरची माणसे गेली नाहीत. विठाबाईंचा गळा मुख्यतः कनातीतच ऐकला गेला आणि सकाळी कनात उतरली की त्या रात्रीची मिळकत तेवढ्यावरच संपली. रेल्वेने जाणारा माल आणि डोक्यावरून जाणारा माल यांत जो फरक, तोच येथे आहे. एकाची पावती बनते, दुसऱ्याची बनत नाही.

यात कायद्याचाही वाटा होता. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ सालचा, म्हणजे विठाबाईंच्या पहिल्या गौरवाच्याच वर्षाचा. त्या कायद्याने लेखकाला हक्क दिला, संगीतरचनाकाराला दिला, ध्वनिमुद्रिका काढणाऱ्यालाही दिला. गाणाऱ्याला, नाचणाऱ्याला, अभिनय करणाऱ्याला काही दिले नाही. सादरीकरण ही ‘कृती’च नव्हे, अशी कायद्याची समजूत होती. पुढे देव आनंद यांच्याविरुद्धच्या एका खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने नटाच्या अभिनयाबाबत हाच अर्थ लावला, तेव्हा सुशिक्षितांनाही ही उणीव दिसली. सादरकर्त्याचा हक्क कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने, आणि त्याला स्वामित्वधनाचा वाटा मिळण्याची तरतूद झाली ती २०१२ साली. त्या वेळी विठाबाईंना जाऊन दहा वर्षे झाली होती. एका हाताने पदक देणाऱ्या शासनाने त्याच वर्षी दुसऱ्या हाताने त्या कलेची मालकी नाकारावी, हा योगायोग कोणी मुद्दाम घडवून आणलेला नव्हता. म्हणूनच तो अधिक बोलका आहे.

येथे स्पेनमधील एका गायकाची हकिकत उपयोगी पडेल. फ्लामेंको हे दक्षिण स्पेनचे गाणे. त्याच्या घडणीत तेथील जिप्सी म्हणजे रोमा लोकांचा वाटा फार मोठा. हे रोमा मूळचे भारतातले. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज वायव्येकडून बाहेर पडले आणि त्यांच्या भाषेत आजही आपल्याकडील भाषांचे नाते स्पष्ट दिसते. पंधराव्या शतकात ते स्पेनमध्ये पोचले. १७४९ साली तेथील राजसत्तेने त्यांची देशभर एकदम धरपकड केली. गाणे हवे, माणूस नको, ही रीत त्यांच्याही वाट्याला आली. याच समाजात कादिझजवळच्या सान फर्नांदो गावी एका लोहाराच्या घरी १९५० साली होसे मोन्हे क्रूझ जन्मला. कामारोन दे ला इस्ला या नावाने तो पुढे विख्यात झाला. पोरवयातच तो गावच्या खानावळीत येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर गात असे. १९६९ पासून गिटारवादक पाको दे लुसिया यांच्या साथीने त्याच्या ध्वनिमुद्रिका निघू लागल्या. १९७९ साली त्याने परंपरेत इलेक्ट्रिक वाद्ये आणि लोर्काच्या कवितेचे शब्द आणले, तेव्हा जुने रसिक रागावले आणि ती मुद्रिका जेमतेम काही हजार खपली. आज तीच फ्लामेंकोच्या इतिहासातील मैलाचा दगड मानली जाते. १९९२ च्या जुलैत वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा त्याच्या गावी अंत्ययात्रेला प्रचंड जनसमुदाय लोटला होता.

परंतु त्याच सुमारास एक कटू वादही उसळला. त्याने गाऊन अजरामर केलेल्या अनेक गाण्यांची रचनाकार म्हणून नोंद इतरांच्या नावे होती; रचनाकाराला मिळणारे स्वामित्वधन त्यामुळे त्याच्या कुटुंबाकडे येत नव्हते. ज्या कंठातून ती गाणी लोकांच्या मनात उतरली, त्या कंठाचा नोंदवहीत रचना म्हणून उल्लेख नव्हता. कोणाची बाजू किती खरी, याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते असे की, कामारोनच्या वारसांना निदान भांडता तरी आले. भांडावयास मुद्रिका होत्या, त्यांवर नावे होती, खपाचे आकडे होते. २०१० साली युनेस्कोने फ्लामेंकोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले आणि २०२१ साली सान फर्नांदोत कामारोनचे संग्रहालयही उघडले. विठाबाईंच्या वारसांकडे भांडावयास काय होते? आठवणी, छायाचित्रे आणि पदके.

त्यांचा खरा वारसा माणसांत उतरला, हेही नमूद करावयास हवे. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभारून वर्षानुवर्षे चालवला. राज्य शासनाने २००६ साली विठाबाईंच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला; कांताबाई सातारकरांसारख्या मातब्बर कलावतीला तो मिळाला, पुढे मंगलाबाईंनाही मिळाला, आणि हनुमान थिएटरशी ज्यांचे नाव जोडलेले, त्या मधुकर नेराळे यांनाही मिळाला. पुरस्कार योग्य हातांत गेले. संगीत बारीच्या परंपरेतील यमुनाबाई वाईकर यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या शहाण्णव वर्षांच्या होत्या. २०१८ साली वयाची शंभरी ओलांडून त्या गेल्या. या सन्मानांनी कलेची प्रतिष्ठा वाढली, हे मान्यच आहे. पण वर्षाला एक पुरस्कार म्हणजे वर्षाला एक माणूस. फडात ढोलकीवाला असतो, हलगीवाला असतो, सोंगाड्या असतो, सुरत्ये असतात, तंबू ठोकणारे आणि भाकऱ्या भाजणाऱ्या असतात. त्यांना जीवनगौरव नको, जीवनाची तजवीज हवी.

वृद्ध कलावंतांना मानधन देणारी राज्याची योजना १९५० च्या दशकापासून आहे आणि २०२४ मध्ये ते मानधन दरमहा ५,००० रुपये झाले. वाढ स्वागतार्ह आहे. अडचण आहे ती पात्रतेच्या पुराव्याची. अर्जासोबत कलाक्षेत्रातील कारकिर्दीचे दाखले जोडावे लागतात. शहरातील नाट्यसंस्थेच्या नटाजवळ कात्रणे, निमंत्रणपत्रिका आणि प्रशस्तिपत्रे असतात. चाळीस वर्षे तुणतुणे धरून झील ओढणाऱ्या माणसाजवळ काय असते? ज्या गावांनी त्याला ऐकले, त्यांनी त्याला पावती दिलेली नसते. सुपारी फडमालकाच्या नावे फाटते. कारकून बिचारा नियमाने बांधलेला, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. कागद नसलेल्या माणसाकडून कागद मागणारा नियमच चुकीच्या ठिकाणी उभा आहे.

या प्रश्नाला उत्तर महाराष्ट्राने स्वतःच एकदा शोधलेले आहे आणि ते दुसऱ्या क्षेत्रातले असल्याने कोणाच्या ध्यानात येत नाही. हमालाचाही मालक ठरलेला नसतो. आज या गाळ्यात, उद्या त्या गोदामात. काम आहे तर मजुरी, नाही तर उपास. अशा माणसांसाठी १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. मंडळ स्थापन झाले, कामगार मंडळात नोंदला गेला, माल उतरवून घेणारा व्यापारी मजुरीबरोबर मंडळाकडे ठराविक टक्के लेव्ही भरू लागला, आणि त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस, औषधोपचार यांची सोय झाली. कायद्याच्या अंमलबजावणीत दोष शिरले, बोगस नोंदी झाल्या, हे सर्व खरे. तथापि डोक्यावर ओझे वाहणाऱ्या माणसाला म्हातारपणी थोडी तरी शिल्लक मिळाली, ती याच कायद्यामुळे.

तमाशाच्या बाबतीत अशी व्यवस्था करणे हमालीपेक्षा सोपे आहे. सुपाऱ्यांचा मोठा व्यवहार नारायणगावसारख्या मोजक्या केंद्रांत, ठराविक दिवसांत आणि उघड्यावर होतो. प्रत्येक सुपारीवर शेकडा काही रक्कम कलावंत कल्याण मंडळाकडे जमा करावयाची, तिकिटाच्या खेळावर तिकिटामागे थोडी, आणि शहरातील सभागृहांत लावणीचे जे कार्यक्रम होतात त्यांच्याकडून थोडी अधिक. मंडळाकडे फडातील प्रत्येकाचे नाव, कामाचे स्वरूप आणि हंगाम यांची नोंद राहील. या नोंदीचा दुसरा फायदा असा की, मानधनाच्या अर्जाला लागणारा पुरावा आपोआप तयार होईल. वीस हंगामांची नोंद हेच प्रमाणपत्र. सावकाराऐवजी मंडळाकडूनच पावसाळ्यातील उचल कमी व्याजाने मिळाली, तर मालकालाही श्वास घेता येईल.

यावर आक्षेप येतील. फडमालक म्हणतील की, आम्हीच कर्जात आहोत, त्यात ही आणखी पट्टी कोठून भरावी? आक्षेप निराधार नाही. म्हणून लेव्ही मालकाच्या हिश्शातून न घेता सुपारी देणाऱ्या गावाकडून, सुपारीच्या वर, वसूल करावी लागेल. जत्रेची वर्गणी सर्व गाव देतो. मंडप, रोषणाई, दारूकाम यांवर हात सैल सुटतो. त्यात शेकडा पाच-सात अधिक द्यावयास गाव कुरकुरेल, पण मोडणार नाही. दुसरा आक्षेप संस्कृतीच्या अभिमान्यांचा असेल: कलावंताला हमालाच्या पंक्तीला बसवता काय? ज्यांना ही तुलना हीन वाटते, त्यांनी वाशीच्या बाजारातील नोंदणीकृत माथाडीची निवृत्तीच्या वेळची शिल्लक आणि फडातील हलगीवाल्याची शिल्लक शेजारी शेजारी मांडून पाहावी.

ध्वनिमुद्रणाचा प्रश्न वेगळा आणि तातडीचा आहे. जुन्या ढंगाची गण-गवळण, भेदिक, छक्कड आणि बैठकीची लावणी जाणणारी पिढी ऐंशीच्या पुढे गेली आहे. विद्यापीठांतील लोककला विभागांनी आणि आकाशवाणीने काही संग्रह केले आहेत. यापुढे जे मुद्रण होईल, त्यात गाणाऱ्याशी लेखी करार व्हावा आणि मुद्रिकेवर ‘पारंपरिक’ एवढाच शब्द छापून मोकळे होण्याची पद्धत बंद व्हावी. ‘पारंपरिक’ या शब्दाचा व्यवहारातील अर्थ ‘कोणाला काही द्यावयाचे नाही’ असा झाला आहे. चाल पारंपरिक असेल. परंतु ती ज्या गळ्याने गायली, त्या गळ्याला नाव आहे, गाव आहे, आणि १९९४ पासून कायद्याने हक्कही आहे. शक्ती-तुऱ्याच्या ज्या रात्री खांब-कोलाडच्या भागात आज कोणीही खिशातील यंत्रावर टिपून घेतो आणि जगभर पाठवतो, त्यांनाही हे लागू आहे. तेथल्या बुवांना आणि झांज वाजवणाऱ्यांना त्यातून काय मिळते, याची चौकशी कोकणातील मंडळांनी करावयास हवी.

सुपारी ठरली की नारायणगावच्या राहुटीत जो कागद होतो, त्यावर गावाचे नाव, जत्रेची तारीख, ठरलेली रक्कम आणि इसारा एवढे लिहिलेले असते. त्याखाली लेव्हीची एक ओळ वाढवावयाची आहे. कायदा विधिमंडळात करावा लागेल. नमुना १९६९ चा तयार आहे, आणि पुढचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो.